काट्याचा नायटा

आमच्या जीपच्या चाकासमोर, काचेखालच्या फळीवर, एक छोटासा काटा आहे. इंजिनातले पाणी किती तापले एवढे सांगणे हेच त्याचे काम. तो निम्म्यावर उभा असला, की जगात सर्वत्र क्षेमकुशल असल्यासारखे मला वाटते. तो वर सरकू लागला, की शेजारी बसलेली बायको काय बोलते आहे तेदेखील ऐकू येईनासे होते. (हा काट्याचा गुण की दोष, ते मी अजून ठरवलेले नाही.)

याच काट्यापायी गेल्या श्रावणात मी आमच्या चिरंजीवांना खोटारडे ठरवले.

त्याचे असे झाले. १९४१ सालच्या विलीज जीपमध्ये रेडिएटरमागचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरे. इंजिन चालू, की पंखा चालू. आमच्या जीपला मात्र मी हौसेने विजेचा पंखा बसवून घेतला. ओढा ओलांडताना पंखा फिरत राहिला, तर पाण्याच्या रेट्याने पाती वाकून रेडिएटरला घासण्याची भीती. म्हणून हाताशी एक बटणही. पाण्यात शिरण्यापूर्वी ते बंद करायचे, बाहेर आल्यावर लावायचे. बटणाने रिले जागा होतो आणि रिले बॅटरीतली वीज पंख्याकडे सोडतो.

श्रावणात मुलगा मित्रांना घेऊन मुळशीकडच्या चिखलवाटांवर गेला आणि दुसऱ्या गाडीला दोर बांधून परत आला. पाणी उकळून सांडले होते.

"बटण लावायला विसरलास!"

"नाही बाबा, लावलं होतं. पंखाच फिरला नाही."

मी जागच्या जागी बटण दाबले. पंखा भिरभिर फिरला. गुन्हा शाबीत! मग मी जे बोललो, ते शेजाऱ्यांनाही ऐकू गेले. चुकीबद्दल रागावलो नाही, खोटे बोलण्याबद्दल रागावलो, असे वर सुनावलेही. त्या दिवसापासून त्याने जीपच्या किल्लीला हात लावला नाही. ती खुंटीवर लटकत असे आणि तो तिच्याकडे न पाहता बाहेर पडे.

दसऱ्यानंतर आम्ही दोघे माणगावहून तांदूळ, नारळ भरून ताम्हिणीमार्गे पुण्याला निघालो. सपाटीवर काटा शहाण्यासारखा होता. गाडी वेगात असली, की समोरचा वाराच पंख्याचे काम करतो. घाटात वेग मंदावला आणि काटा चढू लागला. बटणावरचा तांबडा दिवा लागलेला होता. तो मीच, माझ्या हाताने, माणगावला लावला होता.

"अहो, बटण लावलंय ना?" बायकोने विचारले. अगदी साध्या आवाजात. मी काही बोललो नाही.

इंजिनाची उष्णता थोडी तरी बाहेर पडावी म्हणून मी गाडीतला हीटर पूर्ण सोडला. ऑक्टोबरच्या उन्हात हीटर! घामाघूम होऊन आम्ही कडेला थांबलो. रेडिएटरचे झाकण उघडण्याचा मोह आवरला, कारण दाबाखाली कोंडलेले ते पाणी कुकरच्या पोटातल्या पाण्यासारखेच असते. झाकण काढताच उसळून तोंडावर येते. तासभर वाट पाहिली, थांबतथांबत घर गाठले.

दिवाळीआधीच्या रविवारी मी अंगणात बैठक मारली. फ्यूज शाबूत होता. बटण दाबले, की रिले 'टक्' म्हणे. तरी खात्रीसाठी त्याच्या जागी हॉर्नचा रिले लावला; फरक नाही. मग पंख्याच्या मोटरीला बॅटरीपासून दोन सुट्या तारा जोडल्या. पंखा असा सुटला, की बायकोने उंबऱ्याशी घातलेली रांगोळी उडाली. म्हणजे मोटरही निर्दोष! पंख्याच्या जोडणीचा खटका सोडवून मीटर लावला, तर तिथे १२ व्होल्ट हजर. वीज आहे, मोटर धड आहे, आणि पंखा फिरत नाही.

"खटका जोडून मोजा," मागून आवाज आला. चिरंजीव केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे. "नुसता मीटर काही ओढतच नाही. भार पडला म्हणजे कळेल."

त्याने मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकाला टेकवली, दुसरी मोटरीच्या काळ्या तारेला. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे. दिसले ११. वीज जात होती, पण तिला परतीची वाट नव्हती. ती काळी तार धरून त्याची बोटे सांगाड्यावरच्या एका बोल्टापाशी थांबली. बोल्टाखाली चकचकीत काळा रंग होता.

तो रंग मेमध्ये मी दिला होता. दोन हात. तारेचे कडे काढले, गंज घासला, रंग वाळवला आणि कडे पुन्हा त्या रंगावरच आवळून टाकले. रंगातून वीज जात नाही. आट्यांमधून जेमतेम संबंध उरला होता. तो हादऱ्यांनी कधी तुटे, कधी जुळे. अंगणात जुळला होता.

दोघांनी मिळून पॉलिश पेपरने धातू पांढरा होईतो घासला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन चोपडले. इंजिन तापू दिले. काटा निम्म्याच्या वर गेला. बटण दाबताच पंखा घुमला आणि काटा खाली येऊ लागला. आम्ही दोघेही त्याच्याकडेच पाहत होतो, हे एका परीने बरे होते.

"भाऊबीजेला आत्याकडे तूच घेऊन जा जीप," मी म्हणालो. "आणि श्रावणात मी जे बोललो ना, ते..."

त्याने हात पुसले, आत जाऊन खुंटीवरची किल्ली आणली.

"बटण लावायला विसरलो, तर?" त्याने विचारले, आणि आतून त्याची आई मोठ्याने हसली.