विळीची धार

आमची विळी आईच्या लग्नातली. पाते मूळचे चांगले तीन बोटे रुंद होते म्हणे. आज दीड बोट उरले आहे. बाकीचे गेले धारवाल्याच्या चाकावर. तो सायकल स्टँडवर चढवून पायडल मारी, ठिणग्या उडत आणि आम्ही पोरे भोवती उभी!

पुढे धारवाला यायचा थांबला. आईने दगडी पायरी आणि कपाचे बूड यांवर भागवले. (हसू नका. कपाच्या बुडाची झिलई नसलेली खरबरीत कड पोलादाला खरोखरच घासते.)

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो आणि हे खाते माझ्याकडे घेतले. एका अंगाला १०००, दुसऱ्या अंगाला ६००० नंबरचा दगड आणला. नंबर मोठा तितका कण बारीक. दगड भिजवायचा, खाली ओला पंचा, सुरी पंधरा ते वीस अंशांत टेकवायची आणि कोन शेवटपर्यंत सोडायचा नाही. पलीकडच्या अंगाला नखाला लागेल असा बारीक कंगोरा उठला, की सुरी उलटायची. पहिल्या दिवशी माझा कोन कुठे कुठे भटकून आला कोण जाणे; सुरी होती त्याहून बोथट झाली. "कप देऊ का?" सौभाग्यवतींनी विचारले.

महिन्याभराने हात बसला. विळीचे वाकडे पाते दगडावर बसेना, म्हणून दगडच पात्यावरून फिरवला. टोमॅटो नुसता टेकवताच दोन फाका! मी खूश.

दुसऱ्या दिवशी आईचा अंगठा कापला.

बोथट पात्यालाच जोर लावावा लागतो, ते निसटते आणि बोट कापते, हे खरेच. पण साठ वर्षे जोर लावलेल्या हाताला ते कसे कळावे? आईला चौऱ्याऐंशी पुरी झालेली. "आता विळी माळ्यावर टाकू या, आई," सौभाग्यवती मायेनेच म्हणाल्या. आई काही बोलली नाही. त्या रात्री ती जेवलीही थोडेसेच.

सकाळी उठून पाहतो, तर पट्टी बांधलेल्या अंगठ्याने आई विळीवर मेथी चिरीत होती. अगदी सावकाश.

"हात हलका ठेवला की झाले," ती मान वर न करता म्हणाली. "तू घासायचे सोडू नकोस."

आता शनिवारी रात्री डाळ भिजत घालताना ती आठवणीने दगडही भिजत घालते. दगडाला दहा-पंधरा मिनिटे पुरतात, हे मी अजून तिला सांगितलेले नाही.