मेणाचा डबा आणि धर्मग्रामाची गाडी

आमच्या धर्मग्रामाची जुनी पांढरी व्हॅन आठवड्यातून दोनदा खानापूरकडच्या एका आजोबांना डायलिसिससाठी बेळगावला आणते. रविवारी ज्यांना चालवत नाही त्यांना ती मिस्साला आणते. पावसाळा संपला की तिच्याकडे बघवत नाही. लाल चिखल, चिंचेखालचा चिकटा, पक्ष्यांची घाण आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग! म्हणून जपमाळेच्या महिन्यात, ऑक्टोबरात, आम्ही स्वयंसेवक तिची नीट निगा घेतो.

यंदा काय विकत घ्यायचं यावर बैठकीत बराच वेळ गेला. एका काकांनी विचारलं, "हेच पैसे गरिबांना दिले तर?" बेथानीतल्या अत्तराच्या वेळचाच हा प्रश्न. पण तो विचारणारा दरवेळी यहूदाच असतो असं नाही. काका मनापासून विचारत होते. आम्ही म्हटलं, रंग गेला की पत्रा उघडा पडतो, पत्रा गंजला की गाडी गेली. दुसरी घेणं आपल्याला झेपणार नाही. मग आजोबांना कोण आणणार?

दुकानात डबे सगळे सारखेच चकचकीत. पण त्यांत दोन जाती आहेत, आणि त्यांची गल्लत फार होते. पॉलिश काढून टाकतं, मेण झाकतं. पॉलिशमध्ये बारीक खर असते. ती वरचा मेलेला, ओरखडलेला थर घासून नेते, म्हणून चमक येते. हल्लीच्या गाड्यांवर रंगावरचा पारदर्शक थर साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ. आमच्या व्हॅनवर तर हात फिरवला की खडूसारखी भुकटी निघते, म्हणजे रंगच निघतोय. तो पुन्हा पुन्हा घासायचा किती?

इथे आम्हाला पापनिवेदनाची आठवण झाली. काहीजण क्षमा मिळालेलं तेच पाप वर्षानुवर्षं घासत बसतात. त्यांना ती भक्ती वाटते, पण मन मात्र पातळ होत जातं. एकदा निघालं की त्यावर कृपेचं पांघरूण घेता यायला हवं. नोहाला तारू बांधायला सांगितलं तेव्हा आतून आणि बाहेरूनही डांबर लावायला सांगितलं होतं. शौलाच्या मरणावर दावीद शोक करतो, त्यात ढालीला तेल न लागल्याचंही दुःख आहे. ढाल चांगली असली तरी तिला राखावं लागतं.

तर आम्ही ठरवलं ते असं. पॉलिश एकदाच, तेही हलक्या हाताने. त्यावर मेण. ब्राझीलमधल्या कार्नौबा ताडाच्या पानांचं मेण दिसायला सुंदर, पण आपल्या उन्हात काही आठवडेच टिकतं. कृत्रिम सीलंट काही महिने राहतं, म्हणून तेच घेतलं. सिरॅमिक कोटिंग वर्षं टिकतं खरं, पण ते महाग, आणि खालचे ओरखडे आधी काढले नाहीत तर तेही झाकले जाऊन तसेच राहतात. आमच्या गाडीला तो थाट नको. दगड लागून जिथे पत्रा दिसतोय तिथे यातलं काहीच चालणार नाही; गंज खरवडून प्राइमर आणि रंगच लावावा लागेल.

भांड्यांचा साबण मात्र आणू नका, तो मेण उतरवतो. गाडीचा शांपू आणलाय.

शनिवारी सकाळच्या मिस्सानंतर, ऊन चढायच्या आत सुरू करू. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळून बसतं. दोन बादल्या लागतील, एक शांपूची आणि एक हातमोजा खळबळायला, नाहीतर तीच माती पुन्हा रंगावर फिरते. मायक्रोफायबरची फडकी आणा, जुनी धोतरं घरीच राहू द्या. काकांनी सीलंटचे निम्मे पैसे दिले आहेत, आणि ते पुसायलाही येणार आहेत.