जमिनीवरच धावणारं विमान

इंग्लंडमधल्या लिंकन शहराच्या दक्षिणेला कॅनविकच्या टेकडीवर उभं राहिलं की समोरच्या चढावर कॅथेड्रल दिसतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर बॉम्ब टाकून परतणाऱ्या विमानांना घर जवळ आल्याची हीच खूण होती. टेकडीवर 2018 साली खुल्या झालेल्या स्मारकाचा गंजक्या रंगाचा पोलादी मनोरा आहे. त्याची उंची सुमारे 31 मीटर, म्हणजे लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत जेवढे, तेवढी. भोवतीच्या भिंतींवर ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडच्या जवळपास 58,000 मृतांची नावं कोरली आहेत. लिंकनशायरची माझी फेरी इथून सुरू झाली. रॉयल एअर फोर्सेस असोसिएशन या माजी वायुसैनिकांच्या संघटनेच्या शाखांच्या सहलीही अशाच असतात: स्मारक, जेवण, जुना तळ, चहा, परत. पाहणाऱ्याला ही ज्येष्ठ नागरिकांची सहल वाटते, आणि ती आहेच. पण हवाई दलाच्या आठवणींचा जो भाग भिंतीवर मावत नाही, तो या सहलींमुळेच टिकतो, असं माझं मत या वाटेवर पक्कं होत गेलं. भिंत मेलेल्यांची असते. बॉम्बर कमांडच्या सुमारे 1,25,000 उड्डाणकर्मींपैकी 55,573 मारले गेले. विमान दुरुस्त करणारे, बॉम्ब चढवणारे आणि पॅराशूटच्या घड्या घालणाऱ्या बायका हे सगळे मात्र बहुतेक जगले, म्हणून त्यांची नावं या भिंतीवर नाहीत.

तिथून सपाट शेतांमधून वुडहॉल स्पा. इथलं पेटवूड हॉटेल म्हणजे जर्मनीतली धरणं फोडणाऱ्या 617 स्क्वाड्रनचं युद्धातलं ऑफिसर्स मेस. चहाबरोबर धरणफोडीच्या गोष्टी इथे ओघानेच येतात. खरं तर मे 1943 मधल्या त्या मोहिमेची 19 विमानं स्कॅम्प्टनहून उडाली होती. स्क्वाड्रन वुडहॉलला आली ती 1944 मध्ये. पण आख्यायिकेला पत्ता लागतो, आणि हा पत्ता चहाला सोयीचा आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. हे मेस अधिकाऱ्यांचं होतं, सार्जंट-कॉर्पोरलांचं नव्हे. आज शाखेच्या सहलीत निवृत्त विंग कमांडर आणि निवृत्त फिटर एकाच टेबलाशी बसू शकतात, आणि विमानाबद्दल फिटरला जास्त ठाऊक असतं.

कॉनिंग्जबी ओलांडून ईस्ट कर्बीला पोचलं की याचा पुरावाच समोर उभा राहतो. हा युद्धातला 57 आणि 630 स्क्वाड्रनचा तळ. इथलं 'जस्ट जेन' हे लँकेस्टर 1945 चं. पुढे ते फ्रेंच नौदलाकडे गेलं आणि 1965 मध्ये ऑस्ट्रेलियाहून उडत मायदेशी परतलं. पँटन बंधूंनी ते विकत घेतलं, थोरल्या भावाच्या स्मरणार्थ. मार्च 1944 च्या न्युरेंबर्ग हल्ल्यात तो गेला. त्या एका रात्रीत 95 विमानं परतली नाहीत. हे विमान उडत नाही, पण चारही मर्लिन इंजिनं सुरू करून ते तळावर धावतं. इंजिन सुरू होताना धुराचा लोट उठतो, पंख्यांच्या वाऱ्याने मागचं गवत आडवं होतं, चाकांपुढचे ठोकळे ओढले जातात आणि तो अजस्र डोलारा हलतो. आत शिरलात तर पुढे जायला पोटातून आडवी गेलेली पंखांची मुख्य तुळई ओलांडावी लागते. जळत्या विमानात, जाड कपड्यांत, काळोखात हे कसं करायचं, याचं उत्तर गुडघ्याला लगेच मिळतं. उडत नाही म्हणून हळहळणारे भेटतात. मला वाटतं, ग्राउंड क्रूने, म्हणजे जमिनीवर राबणाऱ्यांनी, विमान पाहिलं ते असंच: उघड्या तळावर, थंडीत, हाताच्या अंतरावर. आकाशातलं दृश्य त्यांच्या वाट्याचं नव्हतंच.

आक्षेप दोन आहेत. पहिला, महायुद्ध पाहिलेले आता जवळपास उरले नाहीत, मग आठवणी कुणाच्या? त्यांच्या नंतरच्यांच्या. ब्रिटनमधली सक्तीची लष्करी भरती 1960 पर्यंत चालली. शीतयुद्धात वॅडिंग्टनला अण्वस्त्रवाहू व्हल्कन विमानं सज्ज ठेवण्यात कित्येकांची उमेदीची वर्षं गेली. ते युद्ध झालंच नाही, म्हणून त्याची अशी भिंतही नाही. ते शिल्लक आहे बसमधल्या गप्पांत. दुसरा आक्षेप जड आहे. हँबर्ग, ड्रेस्डेन होरपळलं. धरणं फुटली तेव्हा बुडालेल्यांत सक्तीने आणलेले परदेशी मजूर मोठ्या संख्येने होते. चहा-केकच्या सहलीत हे झाकलं जात नाही का? जातं, पुष्कळदा जातं. पण कॅनविकच्या प्रदर्शनात बॉम्बखाली सापडलेल्या नागरिकांच्याही साक्षी आहेत, आणि सहल ज्या दारातून सुरू होते तिथेच त्या ऐकू येतात, हे कमी नाही. शिवाय ग्राउंड क्रूच्या आठवणीत विजयाचा टेंभा फारसा नसतो. नट, तेलगळती, न परतलेल्या विमानाची रिकामी जागा, एवढंच तिथे असतं. लंडनमध्ये बॉम्बर कमांडचं स्मारक व्हायला 2012 उजाडलं. तोवरची सगळी वर्षं या आठवणी माणसांनी आपसांतच सांभाळल्या.

आपल्याकडे लोहगाव, ओझर, नागपूर इथे सेवा केलेल्या माजी वायुसैनिकांत वैमानिक मूठभर, तंत्रज्ञ बहुसंख्य. त्यांच्या स्नेहमेळाव्याला किंवा सहलीला जायची संधी मिळाली, तर युद्धाचं नंतर विचारा. आधी विचारा, ते कुठल्या विमानावर होते आणि त्याचं इंजिन उतरवायला किती माणसं लागत.