वहीच उलटी केली!



समजावून सांगितला की विनोद मरतो, असं म्हणतात. म्हणणारा बहुधा आधीच हसून झालेला असतो! आपल्यापैकी जिचं गणित दहावीनंतर सुटलं, तिला मुलं 'आई, तुला नाही कळणार' म्हणतात आणि फोन फिरवून घेतात. माझ्या लेकीनेही तेच केलं. (इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष.) मी तिला बसवून घेतलं, आता तुम्हाला बसवते.

विनोद अमेरिकेतल्या रँडल मन्रो यांच्या 'एक्सकेसीडी' या चित्रमालिकेतला, क्रमांक १८४. शेजारी शेजारी दोन कंस. पहिल्यात ९० अंशाचे साईन-कोसाईन. दुसरा उभा, वर 'ए१', खाली 'ए२'. मग बरोबरचं चिन्ह, आणि पुढे तोच दुसरा कंस अक्षरांसकट आडवा पडलेला. संपलं.

आता ठिपक्यांची रांगोळी घ्या. मधल्या ठिपक्यापासून उजवीकडे ३ ठिपके आणि तिथून वर १ मोजा. मधल्या ठिपक्यापासून तिथवर सरळ रेघ ओढा. ही रेघ उभ्या कंसात लिहितात: वर ३, खाली १. म्हणजे तो कंस रेघेचा पत्ता झाला, रेघ नव्हे. हे लक्षात ठेवा, सगळी गंमत इथेच आहे.

पहिल्या कंसाला मॅट्रिक्स म्हणतात. कोसाईन ९० म्हणजे ०, साईन ९० म्हणजे १. त्यामुळे त्याची वरची ओळ ०, १ आणि खालची −१, ०. वरच्या ओळीने गुणा: ०×३ + १×१ = १. खालच्या ओळीने: −१×३ + ०×१ = −३. नवा पत्ता मिळाला, उजवीकडे १, खाली ३. ती रेघ काढून बघा. लांबी तेवढीच, फक्त घड्याळाच्या काट्यासारखी पाव फेरा फिरलेली. तीनवरचा काटा सहावर जातो आणि बारावरचा तीनवर, तसंच हे.

म्हणून खरं उत्तर वर ए२, खाली उणे ए१. कंस उभाच राहतो, फिरते ती रेघ. मन्रोंनी रेघ सोडून पत्त्याचा कागदच फिरवला. कृतीत लिहिलंय 'धिरडं भाजत आलं की उलटा', आणि कुणी धिरडं तसंच तव्यावर ठेवून कृतीची वहीच उलटी केली, तसं!

आपलं तांदळाचं स्वस्तिक असंच पाव फेरा फिरवून बघा. (मनातल्या मनात हं, पूजेतलं हलवू नका.) स्वस्तिक जसंच्या तसं दिसेल, पण वरच्या तीन ढिगल्या आणि सिद्धशिलेची चंद्रकोर उजवीकडे गेलेली असेल. चारदा फिरवलं की सगळं पुन्हा जागेवर. ते मॅट्रिक्सही चार वेळा लावलं की मूळचा पत्ता परत येतो. ३ आणि १ घेऊन करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.