नागपूर ते ६१७४

काही संख्यांचं नशीबच थोर असतं. १०८ ला जपमाळ मिळाली, ४२० ला तर भारतीय दंड विधानानेच अमर करून ठेवलं. ६१७४ च्या वाट्याला मात्र एक शाळामास्तर आले. देवळालीचे द. रा. कापरेकर. १९४९ साली त्यांनी हिचा गुण हेरला. मास्तर आकड्यांशी खेळत बसतात, म्हणून आपल्याकडच्या विद्वानांनी हसून घेतलं. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला मास्तर कळले.

रीत अगदी सोपी. कुठलीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, एवढंच. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून तेच चढत्या क्रमाने मांडून वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच. फार तर सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येता आणि तिथेच मुक्काम ठोकता. कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. आमचं नागपूर वसलं १७०२ साली. करून पाहा : ७०८३, ८३५२, ६१७४. तीन पायऱ्या! सीताबर्डीहून इतवारीला पोचायला याहून जास्त त्रास होतो.

आमचे अण्णा हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. डॉक्टर म्हणाले, डोक्याला काम देत राहा. शब्दकोडं पुढे केलं तर "हे रिकामटेकड्यांचे धंदे" म्हणून त्यांनी सरकवून दिलं. मग मी ६१७४ दिली. तेव्हापासून ते वऱ्हांड्यात वही घेऊन बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर सोडवतात. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तेव्हा शेजाऱ्यांची उभी स्कूटरच कामी येते. शेजारी एकदा म्हणालेच, "काय लिहून राह्यले जी अण्णा? आरटीओत लागले का?"

या संख्येची खरी मौज अशी, की ती चुका पोटात घालते. मध्ये हातचा विसरलात तरी बहुधा वाट थोडी वळते, पण मुक्कामाला तीच. आम्ही घरातले यावर खूश होतो. अण्णांचं उत्तर चुकलं असं कुणालाच म्हणावं लागत नव्हतं.

परवा मी त्यांना कापरेकरांचं जन्मसाल दिलं, १९०५. अण्णा ६१७४ वर आले. आई म्हणाली, "आलं बाई!" अण्णांनी पायऱ्या मोजल्या. आठ.

"सातच्या वर जात नाही म्हणालास ना?"

"एखादी इकडेतिकडे..." मी म्हणालो.

"हिशेबात इकडेतिकडे नसतं."

त्यांनी वही पुन्हा ओढली. या रीतीतल्या प्रत्येक उत्तराला नऊने भाग जातोच, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. एकेका उत्तराच्या अंकांची बेरीज करत बोट हळूहळू खाली आलं. ९३५१, अठरा. ८१७२, अठरा. ७४४३, अठरा. ४००६, दहा! तिथे बोट थांबलं. आई पदराशी चाळा करत उभी होती. मी पंख्याकडे पाहत होतो.

अण्णांनी तांबड्या शाईने ४००६ खोडलं, ३९९६ लिहिलं, आणि पुढचं सगळं नव्याने केलं. ६२६४, ४१७६, ६१७४. सात. शेजारी वळणदार, जराशी कापरी सही.

"हातचा राहिला होता," ते म्हणाले. "बरं, त्या डॉक्टरच्या गाडीचा नंबर काय आहे रे?"