तेवीस मजले आणि एक वॉचमन

बंद पडलेली कंपनी कशी दिसते हे वाळूजच्या मुलांना सांगायला नको. गेटला साखळी, आत कमरेएवढं गवत, पत्र्यावर गंजाचे ओघळ आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला एकटा वॉचमन. पण २३ मजल्यांची इमारत ओस पडलेली बघितली आहे का कधी? त्यासाठी मुंबईला जावं लागेल.

बहिणीचा पाचवीतला मुलगा आणि मी रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने निघालो. सकाळी सीएसएमटीला उतरलो, वडापाव खाल्ला आणि चर्चगेटवरून समुद्राकडे चालत सुटलो. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर समुद्राकडे तोंड करून बसलात, की डाव्या हाताला उंच इमारतींचा घोळका दिसतो. तो नरिमन पॉइंट. इथली जमीन एके काळी समुद्र होती बरं का! भराव घालून ती तयार केली. गंमत म्हणजे, ज्यांचं नाव या जागेला आहे त्या खुर्शेद नरिमन यांनीच १९२० च्या दशकात इथल्या बॅकबे भराव योजनेतला गैरकारभार चव्हाट्यावर आणला होता.

या घोळक्यातच एअर इंडियाची इमारत आहे. ती १९७४ साली उभी राहिली. आराखडा अमेरिकेतले वास्तुविशारद जॉन बर्गी यांचा. माथ्यावर विमान कंपनीचं चिन्ह असे, घोड्याच्या धडाचा धनुर्धारी. १२ मार्च १९९३ ला मुंबईत जे बॉम्बस्फोट झाले, त्यातला एक इथे झाला. माणसं गेली. इमारत तेवढी उभी राहिली.

मग ती ओस का पडली? २०१३ मध्ये एअर इंडियाचं मुख्य कार्यालय दिल्लीला गेलं. आपल्याकडे मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून दौलताबादला राजधानी आणली होती, इथे प्रवास उलटा झाला! काही मजले भाड्याने दिले, पण पूर्वीची वर्दळ गेली ती गेलीच. २०२२ च्या जानेवारीत कंपनी पुन्हा टाटांकडे गेली. इमारत मात्र त्या विक्रीत नव्हती, ती केंद्र सरकारच्या ताब्यात राहिली.

आता जवळच्याच मंत्रालयाची गोष्ट ऐका. २१ जून २०१२ ला तिथे मोठी आग लागली, वरचे मजले जळाले. कितीतरी खात्यांची कार्यालयं ठिकठिकाणी हलवावी लागली. एका कागदासाठी मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून गेलेल्या माणसाने आधी पत्ता शोधायचा, मग साहेब! म्हणून राज्य सरकारने ही इमारत मागितली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने १६०१ कोटी रुपयांना ती द्यायला मंजुरी दिली. अट एकच, पूर्ण रिकामी करून द्यायची.

"मावशी, पाडून नवीच का नाही बांधत?" भाच्याने विचारलं.

प्रश्न चांगला होता. समुद्राच्या वाऱ्यात मीठ असतं. ते हळूहळू काँक्रीटमध्ये शिरतं आणि आतल्या सळईला गंज चढतो. गंजलेली सळई फुगते, फुगली की बाहेरचं काँक्रीट तडकतं. तेव्हा जुनी इमारत घेणाऱ्याने आधी तिची नाडी तपासायची. पण सांगाडा धड असेल तर तो पाडणं म्हणजे त्यातलं सिमेंट, पोलाद आणि माणसांचे कष्ट ढिगाऱ्यात घालणं. लिफ्ट, वायरिंग, पाण्याचे पाइप बदलता येतात. मला विचाराल तर, दुरुस्त होत असेल तर दुरुस्तच करावी. मुंबईत फिनिक्स मिल बंद पडल्यावर तिच्या आवारात मोठा बाजार उभा राहिला. तिथे आता खरेदीला झुंबड उडते, पण गिरणीतल्या कामगारांना त्यात काय मिळालं, हेही विचारायला हवं.

भाचा मान वर करून मजले मोजत होता. चौदापर्यंत गेला की चुके, पुन्हा पहिल्यापासून.

त्याचे बाबा वाळूजच्या एका कंपनीत मशिनवर होते. कंपनी बंद पडली. आता त्याच शेडची रात्रपाळीत राखण करतात. परतीच्या गाडीत कसाऱ्याचा घाट लागला तेव्हा तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "मावशी, एवढ्या मोठ्या इमारतीला वॉचमन किती लागत असतील गं? आणि ती पुन्हा भरली, की त्यांना आत मशिनवर घेतील का?"

"तिथे मशीन नसतात रे, टेबलं असतात," मी म्हटलं.

"मग टेबलावर?"