ऑर्किड ठेव, पेंड उचल

पालघर,
श्रावण

चि. सोनू,


कुत्र्याचं पिल्लू भुरी घरात आली म्हणून गॅलरीतली ऑर्किडं कुणाला तरी देऊन टाकायचं म्हणतेस. देऊ नकोस. तुझ्याकडची जांभळी डेंड्रोबियम आणि पांढरी फेलेनॉप्सिस, दोन्ही कुत्र्यांना विषारी नाहीत. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिसंस्थेच्या यादीत फेलेनॉप्सिसची नोंद बिनविषारी अशीच आहे. या कुळातलं काही तर आपणही खातो. व्हॅनिलाची शेंग ऑर्किडची, दुधातून घेतात ती सालममिश्री म्हणजे ऑर्किडचीच गड्डी. पिल्लानं पानं जास्तच चघळली तर एखादी उलटी होईल, पोट थोडं बिघडेल, इतकंच.

मला काळजी आहे ती झाडाभोवतीच्या वस्तूंची. आपल्या दमट हवेत डेंड्रोबियम नारळाच्या सोडणात, कोळशात, विटांच्या खड्यांत लावतात. दात येणाऱ्या पिल्लाला सोडण कुरतडायला फार आवडतं, आणि गिळलेला मोठा तुकडा आतड्यात अडकला तर पोट उघडावं लागतं. त्यात पावसाळा, म्हणजे गोगलगाई आल्याच. त्यांच्यासाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात, त्या मुळीच आणू नकोस. गोगलगाईला ओढणारं आमिष कुत्र्यालाही ओढतं, मग अंगाला कंप सुटतो, झटके येतात, ताप चढतो. रात्री टॉर्च घेऊन गोगलगाई वेच आणि मिठाच्या पाण्यात टाक. काम कंटाळवाणं आहे, पण घरात पिल्लू असताना दुसरा उपाय मला पटत नाही.

सगळ्यात आधी ती एरंडी पेंडीची पिशवी घराबाहेर काढ. सेंद्रिय म्हणून आपण तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकतो. एरंडीतलं रायसिन हे विष तेलात उतरत नाही, ते मागे पेंडीत राहतं. कुत्री ती चवीनं खातात, आणि त्रास कित्येकदा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतो: उलट्या, रक्ताचे जुलाब. ऑर्किडला पेंड लागतही नाही. १९:१९:१९ खत पाण्यात अगदी पातळ करून फवार, आणि बशीत साचलेलं पाणी लगेच ओतून टाक.

खरी विषारी झाडं तुमच्या बोईसरच्या कॉलनीत खालीच असतील. धूळ-धूर सोसते म्हणून कण्हेर सगळीकडे लावतात, देवालाही वाहतात. तिचं पान पोटात गेलं तर थेट हृदयावर परिणाम होतो. कुंपणावर सध्या कळलावी फुलली असेल, तिचा कंद तर सगळ्यात वाईट. घरातली पानफुटी आणि मनी प्लांटही भुरीच्या तोंडाला लागणार नाहीत अशा जागी ठेव. परक्या दिसणाऱ्या ऑर्किडवर संशय आणि ओळखीच्या कण्हेरीला अभय, हे मला फार खटकतं.

भुरीनं काही भलतंच खाल्लंच तर तिला मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नकोस, त्यानं रक्तातलं मीठ वाढून जिवावर बेतू शकतं. जे खाल्लं त्याचा तुकडा किंवा औषधाचं पाकीट घेऊन तडक पशुवैद्याकडे जा. जवळच्या डॉक्टरांचा नंबर आजच लिहून ठेव. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय मोठं आहे, पण झटके येणाऱ्या पिल्लाला तिथवर नेण्याइतका वेळ हातात नसतो.

कुंड्या छताच्या हुकाला टांग. डेंड्रोबियमला वरची हवा मानवते. तारेच्या टोपल्या माझ्याकडे आहेत, रविवारी दादाबरोबर पाठवते.

तुझी,
आत्या